टेलिकन्व्हर्टर म्हणजे पैसे पाण्यात? सरसकट नाही!

फ्लेमिंगोंचा हंगाम आला की आपल्याकडच्या पक्षी-फोटोग्राफीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो. यंदा मला तो चार जणांनी पाठवला, त्यातल्या दोघांनी नुकताच पहिला कॅमेरा घेतलाय. मेसेज म्हणतो, टेलिकन्व्हर्टर (कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसणारा, प्रतिमा १.४ किंवा २ पट मोठी करणारा भिंगांचा जोड) घेऊ नका, पैसे पाण्यात जातात. कारणं पाच: फोटो मऊ येतो, दोन स्टॉप प्रकाश जातो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा), ऑटोफोकस बंद पडतो, फोटो कापून पक्षी मोठा केला, म्हणजे क्रॉप केला, तरी तेच मिळतं, आणि खरा वाइल्डलाइफ फोटोग्राफर काच वाढवत नाही, जवळ जातो.

मी नेरुळला राहतो. ३०० मिमी एफ/४ लेन्स आणि १.४एक्स टेलिकन्व्हर्टर ही जोडी बरीच वर्षं वापरतोय. या पाचांतले काही मुद्दे अर्धे खरे आहेत, एक जुना झालाय, आणि शेवटचा मला घातक वाटतो. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

सुरुवात क्रॉपपासून करू, कारण बाकीचं बरंच त्यावर उभं आहे. तळ्याच्या कठड्यापासून ६० मीटरवर छोटा रोहित, म्हणजे लेसर फ्लेमिंगो उभा आहे. उंची धरा ८० सेंटिमीटर. ३०० मिमी लेन्समधून सेन्सरवर त्याची प्रतिमा पडते ४ मिमी उंचीची. फुल फ्रेम सेन्सरची उंची २४ मिमी, म्हणजे पक्षी फ्रेमच्या एक षष्ठांश. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात उभे ४००० पिक्सेल असतात, त्यातले साधारण ६७० या पक्ष्याच्या वाट्याला येतात. १.४एक्स लावला की प्रतिमा ५.६ मिमीची होते आणि पिक्सेल होतात ९३० च्या आसपास. क्रॉप केल्याने पक्षी स्क्रीनवर मोठा दिसतो, पण पिक्सेल तेच ६७० राहतात. १.४ पट क्रॉप म्हणजे २४ मेगापिक्सेलचे १२ उरतात, दुप्पट क्रॉप म्हणजे ६. चोचीचा बाक, डोळ्याभोवतीची कडा, पंखावरच्या गुलाबी रेघा हे सगळं त्या जादाच्या अडीचशे पिक्सेलमध्ये असतं. ४५ मेगापिक्सेलचा कॅमेरा असेल तर फरक कमी दिसतो, हे मान्य. तिथे पिक्सेल आधीच इतके बारीक असतात की लेन्सचीच मर्यादा लवकर गाठली जाते. पण ‘तेच मिळतं’ हे विधान म्हणून चूक आहे.

आता प्रकाश. दोन स्टॉप जातात ते २एक्सला. १.४एक्सला एकच जातो. एफ/४ ची लेन्स एफ/५.६ होते (एफचा आकडा वाढला की प्रकाश कमी), तोच शटर ठेवायचा तर आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता, ८०० ची १६०० करावी लागते. इथवर मेसेजचं म्हणणं निम्मं बरोबर. पण त्यावरून ‘नॉइज (फोटोतले दाणे) दुप्पट’ असा निष्कर्ष काढतात, तो टिकत नाही. ३०० ला ४ ने भागा, ७५ मिमी. १.४एक्स लावल्यावर ३०० चे होतात ४२०, त्याला ५.६ ने भागा, पुन्हा ७५ मिमी. प्रकाश आत घेणारं तोंड तेवढंच आहे, म्हणजे पक्ष्याकडून येणारा प्रकाशही तेवढाच. तो फक्त दुप्पट जागेवर पसरतो. तेवढ्याच पिठाची पोळी मोठी लाटली तर पातळ होते, पीठ कमी होत नाही. टेलिकन्व्हर्टरचा फोटो आणि क्रॉप केलेला फोटो, दोन्हींत पक्षी एकाच आकाराचा करून शेजारी ठेवा. नॉइज साधारण सारखाच दिसेल. पार्श्वभूमीचा धूसरपणाही जवळजवळ सारखाच, कारण तेच ७५ मिमी.

ऑटोफोकसचा मुद्दा आत आरसा असलेल्या डीएसएलआर कॅमेऱ्याच्या काळातला. त्यात फोकस मोजणारा भाग आरशाखाली वेगळा असतो, आणि बहुतेक बॉडींमध्ये तो एफ/५.६ पर्यंतच खात्रीने चालायचा. वरच्या दर्जाच्या बॉडींत एफ/८ पर्यंत, तेही अनेकदा मधल्याच पॉइंटवर. त्यामुळे १००-४०० एफ/४.५-५.६ झूमला ४०० वर १.४एक्स लावला की एफ/८ व्हायचा आणि बऱ्याच कॅमेऱ्यांचा फोकस थांबायचा. आरसा नसलेल्या मिररलेस कॅमेऱ्यात सेन्सर स्वतःच फोकस मोजतो आणि एफ/८ ची अडचण आता सहसा येत नाही. जुना डीएसएलआर वापरत असाल तर मात्र मेसेज ऐका आणि आधी तुमच्या बॉडीची मर्यादा मॅन्युअलमध्ये बघा. वेग कमी होतो हेही खरंच. कॅननने आपल्या डीएसएलआरच्या ईएफ लेन्ससाठी स्वतः सांगितलं आहे की १.४एक्सला फोकसचा वेग निम्मा होतो आणि २एक्सला पाव. उडत्या थव्यामागे कॅमेरा फिरवताना हे जाणवतं. पावसाळ्यात येऊर किंवा कर्नाळ्याच्या गर्द सावलीत तिबोटी खंड्या शोधत असेन तर मी टेलिकन्व्हर्टर काढून ठेवतो. नॉइजमुळे नव्हे, त्या अंधारात फोकस चाचपडतो म्हणून.

राहिला मऊपणा. टेलिकन्व्हर्टर लेन्सची प्रतिमा मोठी करतो आणि तिचे दोषही त्याच पटीत मोठे करतो. मुळात मऊ असलेल्या स्वस्त ७०-३०० झूमला तो लावून काही मिळत नाही. अशा कित्येक झूमना तो बसतही नाही, कारण त्याची पुढची काच लेन्सच्या मागच्या काचेला लागते. १५०-६०० एफ/६.३ ला १.४एक्स लावाल तर ६०० च्या टोकाला एफ/९ होतो. तोही व्यवहार मला परवडणारा वाटत नाही. ३०० एफ/४, ५०० एफ/५.६ किंवा मोठ्या एफ/२.८ आणि एफ/४ प्राइम (झूम न होणाऱ्या) लेन्स मात्र इतक्या काटेकोर असतात की १.४एक्सनंतर उरणारा तपशील क्रॉपपेक्षा जास्तच भरतो. २एक्सबद्दल मी एवढ्या खात्रीने बोलणार नाही. तो मी फक्त एफ/२.८ लेन्सवर, आणि चांगल्या उन्हात, लावेन.

पण ‘मऊ येतो’ म्हणून मला दाखवलेल्या बहुतेक फोटोंमध्ये दोष टेलिकन्व्हर्टरचा नव्हताच. फोटो होते एप्रिल-मे महिन्यातले, सकाळी दहानंतरचे, ओहोटीच्या वेळी खाडीच्या उघड्या गाळावरून काढलेले. गाळ तापला की वरची हवा थरथरते. ६०-७० मीटरच्या अंतरात ती थरथर पक्ष्याच्या कडा पुसून टाकते आणि लांब लेन्स ती आणखी मोठी करून दाखवते. ४२० मिमीवर जे होतं तेच नुसत्या ६०० मिमीवरही होतं, फक्त तेव्हा कोणी लेन्सला बोल लावत नाही. पडताळायला एक सकाळ पुरते. सूर्य उगवताना कठड्यावर कॅमेरा टेकवून एक फोटो काढा आणि अकरा वाजता त्याच जागेवरून दुसरा. जोडी तीच, अंतर तेच, तरी दोन फोटोंत जमीन-अस्मानाचा फरक दिसेल.

आणि आता ‘जवळ जा’. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये घोषित झालं, २०२२ मध्ये त्याला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा अशी मान्यता, मिळाली. ऐरोलीहून बोटीत बसलात तर अंतर नावाडी आणि भरती ठरवतात, तुम्ही नाही. भरतीचं पाणी खाडीतला गाळ झाकतं तेव्हा थवे नेरुळ-सीवूड्सच्या पाणथळ जागांवर येतात. बरेचदा ते तिथे विसाव्यालाच असतात, एक पाय वर घेऊन, मान पाठीवर टाकून. थोड्या तासांनी ओहोटी लागली की पुन्हा खाडीत चरायला जायचं असतं. त्या मधल्या वेळात त्यांना उडवणं म्हणजे त्यांची विश्रांती हिरावून घेणं. छोटा रोहित जागतिक पातळीवर संकटसमीप गणला जातो, आणि इथे दरवर्षी त्याचे थवे उतरतात. अशा पक्ष्याच्या आणखी जवळ जायला नवख्यांना सांगणारा मेसेज मी पुढे पाठवणार नाही.

गेल्या वर्षी नेरुळच्या एका तळ्यावर तिघे जण पँट गुडघ्यापर्यंत दुमडून गाळात उतरले. कठड्यावरून आम्ही हाका मारल्या. एकाने मागे वळून हात हलवला, आणि तिघे पुढे चालत राहिले. पंधरा पावलं गेले असतील, पहिले वीस-पंचवीस पक्षी उठले, मग सगळा थवा. त्यांना मिळाले पाठमोऱ्या पंखांचे फोटो. थवा पाऊण तासाने परतला तो पलीकडच्या काठाला, तिवरांना लागून उतरला. तिथवर कठड्यावरच्या कोणाचीच लेन्स पोचत नव्हती, माझी ४२० सुद्धा नाही.