शब्द राहू द्या, कोर्ट मिळवा

आमच्या फॅमिली ग्रुपवर परत तोच वाद पेटलाय, मराठीतले फारसी-इंग्रजी शब्द हाकला, अर्ज नको वकील नको, आणि इंग्लंडमध्ये बसून हे वाचताना जीव तुटतो, कारण ज्या इंग्रजीची आपल्याला एवढी धास्ती आहे तिच्यावर फ्रेंचमुळे काय वेळ आली होती ते इथे पावलोपावली दिसतं.

१०६६ ला नॉर्मंडीच्या विल्यमने हेस्टिंग्जची लढाई जिंकली आणि दरबार, कोर्ट, जमीनजुमला सगळं फ्रेंच बोलणाऱ्यांच्या हातात गेलं. इंग्रजी उरली शेतात नि चुलीपाशी. शेवटी १३६२ मध्ये तिसऱ्या एडवर्डच्या काळात कायदा झाला की कोर्टात इंग्रजीत बोला, कारण आपल्या बाजूने काय बोलतायत नि विरुद्ध काय हेच लोकांना कळत नाही. तो कायदा लिहिलाय मात्र फ्रेंचमध्ये! आणि कोर्टाची कागदपत्रं इंग्रजीत यायला १७३३ उजाडलं.

शब्द मात्र राहिले. कोर्ट, जज, ज्युरी, पार्लमेंट सगळे फ्रेंचमधून आलेले, ब्रिटिश पासपोर्टच्या कव्हरवरची दोन्ही बोधवाक्यंसुद्धा फ्रेंच, आणि त्यात इथे कोणाला कमीपणा वाटत नाही.

ग्रुपवर लगेच राज्यव्यवहारकोशाचा, म्हणजे कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणाऱ्या कोशाचा, दाखला येतो. बरोबर आहे, पण शिवाजी महाराजांनी तो करून घेतला तेव्हा राज्य नि कारभार आधीच त्यांच्या हातात होता ना? सावरकरांचे महापौर, दिनांक हे शब्द रुळले तेही छानच झालं. पण माझ्या आत्याची बांधाची केस खालच्या कोर्टात मराठीत चालली, तिला शब्द न् शब्द कळला, आणि अपील हायकोर्टात गेलं तशी ती मागच्या बाकावर बसून वकिलाला विचारत राहिली, साहेब काय म्हणाले हो? १३६२ च्या आधीच्या इंग्रज शेतकऱ्याची हीच तर तक्रार होती.

घटनेच्या ३४८ व्या कलमाने हायकोर्टाचं काम इंग्रजीत चालतं, पण राष्ट्रपतींची संमती घेऊन राज्यपाल तिथे राज्याची भाषा आणू शकतात हेही त्याच कलमात आहे, आणि राजस्थान, यूपी, एमपी, बिहारने हिंदीसाठी ते करून घेतलंय. मराठीला २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आपण सगळ्यांनी पेढे वाटले, मग आता आमदारांना गाठून हे विचारा ना, मुंबई हायकोर्टात मराठीत बाजू मांडायची परवानगी कधी मागताय?