जुनं नाशिक टॉवरमुळे रिकामं होत नाहीये

चार दिवसांपासून प्रत्येक ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय: गावठाणाजवळ भाड्याच्या फ्लॅटचे टॉवर येऊ दिले तर भाडी डबल होतील, बोळाबोळात जाम लागेल, बिल्डर भाड्यावर गब्बर होईल आणि मूळ नाशिककर हाकलला जाईल. मी भद्रकालीतल्या वाड्यात वाढलोय, त्यामुळे गप्प बसवत नाही.

आधी हाकलण्याचंच बघू. आम्ही वाडा सोडला तेव्हा आसपास एकही टॉवर नव्हता. मातीच्या भिंती, कुजलेले खांब, पावसाळा आला की धोकादायक इमारतीची नोटीस, मालकाला जुन्या भाड्यात दुरुस्ती परवडत नाही, भाडेकरू हक्क सोडत नाही, त्यात भाऊबंदकीचा दावा कोर्टात. एका जुलैत मागची भिंत पडली आणि आम्ही उपनगरात, पाथर्डी फाट्याला गेलो, कारण गावात परवडेल असं भाड्याचं घरच मिळेना. दुकान अजून मेनरोडलाच आहे. आमच्या बोळात आता किती दारांना कुलूप आहे ते जाऊन बघा.

भाडी डबल होतील म्हणे. अस्क्विथ, मास्ट आणि रीड या संशोधकांनी अमेरिकेतल्या ११ मोठ्या शहरांत, कमी उत्पन्नाच्या वस्त्यांत आलेल्या मोठ्या नव्या इमारती तपासल्या, तर त्यांच्या अगदी जवळच्या घरांची भाडी थोड्या लांबच्या घरांच्या तुलनेत सुमारे ६ टक्के कमी निघाली. नाशकात आकडा तोच येईल असं नाही, पण कारण इथलंच आहे: चांगल्या पगाराच्या माणसाला नवीन फ्लॅट नाही मिळाला तर तो तुमच्या जुन्या टू रूम किचनला दोन हजार जास्त देऊन घुसतो, आणि बाहेर पडतो तो हातावर पोट असलेला.

जामचं म्हणाल तर दहीपुलाच्या बोळात टॉवर उभाच राहत नाही, उंची रस्त्याच्या रुंदीवर ठरते आणि अग्निशमनचा बंब आत जायला लागतो. उलट रोज सकाळी उपनगरातून हजारो बाईक गावातल्या शालिमारकडे येतात, आमचीही त्यात एक, गावातच राहिलो असतो तर चालत गेलो असतो.

बिल्डर गब्बर? हिशोब करा, ५० लाखांचा फ्लॅट, महिना १२ हजार भाडं, वर्षाला १ लाख ४४ हजार, म्हणजे तीन टक्केसुद्धा नाही आणि कर्जाचं व्याज आठ-नऊ टक्के. म्हणूनच सगळे विकायला बांधतात, भाड्याला कोणी बांधत नाही.

मेसेजमध्ये जे नाही पण असायला हवं होतं ते सांगतो. तळमजला पूर्ण पार्किंगला दिला तर तांबट लेनसारख्या गल्ल्या संपतील, तिथे गाळे राहिलेच पाहिजेत आणि आधीच्या दुकानदाराला आधी. पूररेषेत तर बांधकाम नकोच, २००८ आणि २०१६ ला सराफ बाजारात पाणी आलेलं आपण पाहिलंय. आणि जुन्या भाडेकरूला तोंडी आश्वासन चालणार नाही, नव्या इमारतीत किती चौरस फूट, कितव्या मजल्यावर, ती होईपर्यंत बाहेर राहायचं (ट्रान्झिटचं) भाडं कोण भरणार, सगळं रजिस्टर करारात. आमच्या वाड्यात पुढच्या दोन खोल्यांत अजून काकू एकट्या राहतात, त्यांच्या हातात तो कागद येईपर्यंत बाकीच्यांनी बिल्डरच्या कागदावर सही करू नका.