मनोरा कशाला हवाय?

नवापूरकडच्या आमच्या प्रोटेस्टंट मंडळीत (म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांत) सध्या चर्चच्या मनोऱ्यासाठी वर्गणी गोळा होतेय. वर पत्रे, खाली कोबा, पुढे लाकडी व्यासपीठ, मागच्या भिंतीवर क्रूस, एवढंच आमचं चर्च. तरुण पोरांचं म्हणणं, "बाहेरून चर्च वाटतच नाही." माझा या खर्चाला विरोध आहे. सभेत मंडळीच्या दोन वडीलधाऱ्या पुढाऱ्यांनी डोळे वटारले, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

चर्च "वाटणं" हे आपण सिनेमातून शिकलो. टोकदार कमानी, रंगीत काचा, मेणबत्त्या आणि पापकबुलीची लाकडी खोली. (ती खोली आमच्याकडे नसतेच, तरी दर नाताळला कोणीतरी शेजारी विचारतोच.) ती टोकदार कमानींची शैली बाराव्या शतकात फ्रान्समध्ये बहरली. त्याआधी हजार वर्षं लोक प्रार्थना करतच होते की! पहिली तीनशे वर्षं तर बहुतेक उपासना घरांतच व्हायची. सीरियात दुरा-युरोपस इथे तिसऱ्या शतकातलं असं एक घर सापडलंय. मधली भिंत पाडून दोन खोल्यांची एक केलेली आणि शेजारच्या खोलीत बाप्तिस्म्याचं कुंड. मनोरा नाही. 313 मध्ये रोमन साम्राज्यात ख्रिस्ती धर्माला मोकळीक मिळाली, मग मोठ्या इमारती आल्या, आणि त्यांचा नकाशाही रोमन लोकांच्या न्यायनिवाड्याच्या, व्यवहाराच्या दालनावरून उचललेला.

मग चर्च ओळखायचं कशावरून? आत काय चालतं त्यावरून. बायबलमधलं वचन वाचलं जातं, त्यावर बोललं जातं. बाप्तिस्मा होतो. भाकर आणि द्राक्षारस वाटला जातो. रविवारी लोक जमतात आणि अडलेल्यासाठी अर्पण गोळा होतं. भुसावळच्या कॅथलिक चर्चमध्ये जा की आमच्या शेडमध्ये, एवढं सापडणारच.

मांडणी मात्र वेगळी, आणि तिला कारण आहे. कॅथलिकांकडे सगळ्यांची नजर वेदीकडे, कारण मिस्सा, म्हणजे वेदीवरचा भाकर-द्राक्षारसाचा विधी, हा उपासनेचा गाभा. क्रूसावर येशूची मूर्ती, बाजूला पवित्र मारिया. आमच्याकडे क्रूस रिकामा आणि पाळकाचं व्यासपीठ मध्यभागी. 1517 नंतर जर्मनीतल्या धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरच्या मागून जे प्रोटेस्टंट प्रवाह निघाले त्यांनी प्रवचनाला मोठं स्थान दिलं, ते इथवर आलं. आमच्या एका म्हाताऱ्या शेजाऱ्याने विचारलं होतं, "भाऊ, तुमना चर्चमा मूर्ती नही शे का?" त्याला हे सगळं सांगत बसलो, तर म्हणाला, मग गाणी तरी म्हणता का?

म्हणतो ना! आमचं खरं वैभव तेच. हार्मोनियम, ढोलक, झांज, ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचे अभंग आणि मध्येच इकडच्या आदिवासींच्या मावची बोलीतलं एखादं गाणं. चपला बाहेर, सतरंजीवर एका बाजूला बाया, दुसऱ्या बाजूला बापे. गेल्या शतकाच्या सुरुवातीला स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन या मिशनरी संस्थेचे लोक पश्चिम खान्देशात आले, पण सतरंजी काही त्यांनी बोटीतून आणली नव्हती. हे दिसायला चर्चसारखं नाही म्हणणाऱ्यांचा मला राग येतो तो इथेच.

बाप्तिस्म्याचं बघा. आमच्यात लहान बाळाला देत नाहीत, समजत्या वयात कबुली दिल्यावर पाण्यात पूर्ण बुडवून देतात. कॅथलिकांत तान्ह्या बाळाच्या डोक्यावर पाणी ओततात. 1970 मध्ये नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं तेव्हा सहा वेगवेगळे प्रोटेस्टंट पंथ एकत्र आले आणि दोन्ही रीती चालू ठेवल्या. मग मनोऱ्यावरून आपण का भांडतोय?

आमच्याकडे बाप्तिस्म्याला अजून नदीवर जावं लागतं आणि उन्हाळ्यात पाणी गुडघाभरसुद्धा नसतं. त्याच पैशात आवारात एक कुंड बांधा, शब्बाथ शाळेच्या (रविवारच्या बायबल-वर्गाच्या) पोरांसाठी एक पक्की खोली काढा. मी पावती फाडेन, पण त्यावर "मनोरा" असं लिहिलेलं नसेल तरच. पुढच्या रविवारी मतदान आहे. ज्यांना पटलं नाही त्यांनी खाली कमेंट न करता सभेत बोला.