मध्यस्थीने यादवी थांबतच नाही? एका फॉरवर्डला उत्तर

गेले काही दिवस इंदूरच्या मराठी ग्रूपांवर एक लांबलचक मजकूर फिरतो आहे. त्याचे सार असे : परदेशी मध्यस्थांमुळे आजवर एकही यादवी थांबलेली नाही, भारताने श्रीलंकेत मध्यस्थीच्या नादात बाराशे जवान गमावले, नॉर्वेने वाघांना (तेथे स्वतंत्र तमिळ राज्यासाठी लढणाऱ्या एलटीटीई या बंडखोर संघटनेला) जीवदान दिले, २००९ मध्ये लष्कराने वाघांचा निःपात केला तेव्हाच शांतता आली, म्हणून सुदानमध्येही बोलणी बंद करून एका बाजूला जिंकू द्यावे. अकरावीत शिकणाऱ्या माझ्या भाचीने वादविवाद स्पर्धेसाठी हा मजकूर जसाच्या तसा वहीत उतरवून घेतला आणि ‘मामा, मुद्दे पक्के आहेत ना?’ असे विचारले, तेव्हा उत्तर लिहिणे भाग पडले. मुद्दे पक्के नाहीत.

‘एकही नाही’ हे खोटे ठरवायला मोझांबिक पुरेसे आहे. तेथे १९७७ पासूनच्या यादवीत सुमारे दहा लाख माणसे मेली. जुलै १९९० मध्ये सरकार आणि रेनामो बंडखोर यांचे प्रतिनिधी रोममध्ये संत एजिदिओ या कॅथलिक संस्थेच्या जुन्या मठात समोरासमोर बसले आणि ४ ऑक्टोबर १९९२ रोजी शांतता करारावर सह्या झाल्या. त्या संस्थेकडे ना सैन्य होते ना सत्ता. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली, ज्यात भारतीय तुकड्याही होत्या, १९९४ मध्ये निवडणुका झाल्या. रेनामोने २०१३ च्या सुमारास पुन्हा शस्त्रे उचलली हे खरे. परंतु तो तंटाही २०१९ च्या कराराने, म्हणजे बोलूनच, मिटवावा लागला.

बाराशे जवानांचा मुद्दा मला विशेष खटकला, कारण श्रीलंकेत पाठवलेल्या भारतीय शांतिसेनेत गेलेले निवृत्त सैनिक आपल्या शेजारी महूलाच भेटतात आणि त्यांच्या बलिदानाचा आधार चुकीच्या दाव्याला देणे योग्य नाही. २९ जुलै १९८७ चा करार राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी, म्हणजे दोन सरकारांनी केला. ज्यांची शस्त्रे उतरवून घ्यायची होती त्या वाघांची त्यावर सहीच नव्हती. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून आपले सैन्य वाघांशी प्रत्यक्ष लढत होते. जो स्वतः लढतो त्याला मध्यस्थ म्हणत नाहीत.

नॉर्वेबाबतच्या मुद्द्यात अर्धे सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. नॉर्वेच्या मध्यस्थीने झालेल्या फेब्रुवारी २००२ च्या युद्धबंदीचा वाघांनी बळ वाढवण्यासाठी उपयोग केला, मुलांची भरती चालू ठेवली, आणि एप्रिल २००३ मध्ये बोलणी सोडून दिली. नॉर्डिक देशांच्या देखरेख पथकाला उल्लंघने नोंदवण्यापलीकडे अधिकार नव्हते. ही मध्यस्थी फसली. मात्र तिच्या फसण्यातून पुढचा दावा, म्हणजे ‘चिरडणे हीच शांतता’, सिद्ध होत नाही, आणि सगळ्या मजकुरातला सर्वांत घातक दावा हाच आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांनी नेमलेल्या तीन तज्ज्ञांच्या मंडळाचा श्रीलंकेवरील अहवाल एप्रिल २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. मजकूर पुढे पाठवणाऱ्यांनी तो वाचायला हवा. त्यात म्हटले आहे की युद्धाच्या अखेरच्या टप्प्यात चाळीस हजारांपर्यंत नागरिक मारले गेले असण्याची शक्यता आहे; सरकारने ज्या पट्ट्याला ‘गोळीबारमुक्त’ म्हटले त्याच पट्ट्यावर आणि इस्पितळांवर तोफा डागल्याचे विश्वसनीय आरोप आहेत; आणि वाघांनी याच नागरिकांना ढालीसारखे अडवून ठेवले, पळणाऱ्यांना गोळ्या घातल्या. श्रीलंका सरकारने हा अहवाल फेटाळला. तरीही युद्ध संपल्यावर तीन लाखांच्या आसपास तमिळ माणसे काटेरी तारांच्या छावण्यांत कोंडली गेली, आणि बेपत्ता मुलांचे फोटो हातात धरून आया वर्षानुवर्षे रस्त्यावर बसल्या, हे तर नाकारता येत नाही. शाळेच्या व्यासपीठावरून एका मुलीने याला आदर्श उपाय म्हणावे, ही कल्पना मला सहन होत नाही.

याच श्रीलंकेला २६ डिसेंबर २००४ रोजी ज्या त्सुनामीने झोडपले, तिनेच इंडोनेशियातील आचे प्रांत उद्ध्वस्त केला. तेथे १९७६ पासून बंड चालू होते. इर्वांदी युसूफ हे बंडखोर त्या दिवशी तुरुंगात होते आणि छपरावर चढून बचावले. फिनलंडचे माजी राष्ट्राध्यक्ष मार्टी आहतिसारी यांनी जानेवारी २००५ पासून हेलसिंकीत बोलणी घडवली आणि १५ ऑगस्टला करार झाला. बंडखोरांनी स्वातंत्र्याची मागणी सोडली. सरकारने स्थानिक पक्षांना मान्यता आणि माफी दिली. युरोप आणि आग्नेय आशियातील निरीक्षकांनी ८४० हत्यारे मोजून ताब्यात घेतली आणि यंत्राने कापून नष्ट केली. जसजशी हत्यारे जमा होत गेली तसतसे सरकारचे जादा सैन्य मागे गेले. डिसेंबर २००६ मध्ये तेच इर्वांदी निवडणुकीत गव्हर्नर झाले. दोन्ही बाजू थकल्या नसत्या तर आहतिसारींनाही यश आले नसते. पण थकलेल्या बाजूंचा परस्परांवर विश्वास नसतो, आणि मोजणी करणारा तिसरा तिथेच लागतो.

सुदानमध्ये ‘एका बाजूला जिंकू द्यावे’ म्हणणाऱ्यांनी एल फाशेर पाहावे. सुमारे दीड वर्षाच्या वेढ्यानंतर ऑक्टोबर २०२५ मध्ये ते शहर आरएसएफ या, लष्कराविरुद्ध लढणाऱ्या निमलष्करी दलाच्या हाती पडले आणि पाठोपाठ नागरिकांचे हत्याकांड झाले. ११ मे २०२३ रोजी जेद्दा येथे, सौदी अरेबिया आणि अमेरिकेच्या मध्यस्थीने, लष्कर आणि आरएसएफ या दोघांनीही नागरिकांना इजा न करण्याच्या वचनावर सह्या केल्या होत्या. वचन कोणीच पाळले नाही. आचेमध्ये होते तसे, गावोगाव हिंडून पाहणारे पथक त्या सह्यांमागे नव्हते. मागणी करायचीच असेल तर त्या पथकाची करावी.