आधी वेगवेगळं बसवा

मे 2025 मध्ये मुळशी तालुक्यातल्या एका सुनेचा मृत्यू झाला आणि पुण्यात हुंड्यावर पुन्हा चर्चा पेटली. आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तेव्हापासून एक सूर सारखा ऐकू येतो: वेळीच दोघांना एकत्र बसवून समुपदेशन केलं, तर असे संसार सावरतात. इंग्लंडमध्ये बसून हे वाचताना मला धास्ती वाटते ती या एकत्र बसवण्याचीच.

इथे मुलांच्या किंवा पैशांच्या वादात कोर्टात अर्ज करण्याआधी बहुतेकांना मध्यस्थाची भेट घ्यावी लागते. 2014 पासून तसा कायदाच आहे. अत्याचाराचा पुरावा असेल तर सूट मिळते. शिवाय दोघांना समोरासमोर बसवण्याआधी मध्यस्थाने प्रत्येकाशी एकांतात बोलून मारहाण, धाकदपटशा आहे का, हे विचारायचं असतं. इंग्लंडचे गोडवे गायचे नाहीत मला. इथेही फॉर्मवर नुसती बरोबरची खूण करून मोकळे होणारे आहेत, आणि लग्न होऊन नुकत्याच आलेल्या आपल्याकडच्या मुलीसाठी डॉक्टरकडे दुभाषा म्हणून कित्येकदा नवराच बसतो.

पण एकांतात विचारायचं का, ते बघा. समुपदेशक म्हणतो, मोकळेपणाने बोला. ती बोलते, तो समंजसपणे मान हलवतो. मग दोघं एकाच स्कूटरवरून सिंहगड रोडने घरी जातात. त्या तासाभराचा हिशोब घराचं दार लागल्यावर होतो.

आपल्याकडे काहीच नाही असंही नाही. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचे 2006 चे नियम सांगतात की समुपदेशनात हिंसेचं समर्थन करू द्यायचं नाही. 'ती उलट बोलली म्हणून हात उठला' हे तिथे चालत नाही. मात्र हे कोर्टाने पाठवलेल्या प्रकरणांपुरतं. कोथरूडमधल्या खासगी क्लिनिकला कोण विचारतंय?

तिथे समुपदेशन करणारी माझी एक मैत्रीण सांगते, पुण्यात असं एकांतात विचारायला खरी अडचण नवऱ्याची नसतेच, गर्दीची असते. सासू येते, मावशी येते, मुलीची आईही येते, आणि 'सांभाळून घे' म्हणणारी बऱ्याचदा तीच. म्हणून मैत्रीण फॉर्म भरायच्या निमित्ताने प्रत्येकाला एकेकटं आत घेते आणि साधं विचारते: भांडण झालं की तुम्हाला भीती वाटते का? तुमचा फोन कोण तपासतं? आज इथे बोललात त्यावरून घरी काय होईल?

ग्रुपवर एकाने लिहिलं, 'अशाने साध्या कुरबुरीतही संशय पेराल.' डॉक्टर सर्दीच्या पेशंटचंही बीपी बघतात. त्याने कुणाचं बीपी वाढत नाही. सगळ्यांनाच विचारलं की कुणा एकावर बोट रोखलं जात नाही.

आणि काही निघालंच, तर जोडीने बसणं थांबवायचं, पण ती बोलली म्हणून थांबवलं हे त्याला कळता कामा नये. 'सध्या दोघांशी स्वतंत्रपणे काम करू' एवढंच सांगायचं. हेल्पलाइनचा 181 हा नंबर तिला चिठ्ठीवर लिहून द्यायचा नाही, तोंडपाठ करून घ्यायचा. पर्स तपासली जाते.