तीन तेरा, आठ गाणी

जुना रॉक बँड पुन्हा एकत्र येतो तेव्हा खरे हाल चाहत्यांचे होतात. बँडवाल्यांना निदान पैसे मिळतात. आपल्याला मिळतो तो आशेचा ताप, आणि पन्नाशीत तो लवकर उतरत नाही.

ब्लॅक सॅबथचंच घ्या. ऑझी ऑझबर्न गायलाय असा त्यांचा स्टुडिओ अल्बम १९७८ नंतर कित्येक वर्षं आलाच नव्हता. पुढच्याच वर्षी ऑझीला बाहेर काढलं, मग गायक आले, गेले. १९९८ मध्ये मूळ चौघांचा एक लाइव्ह अल्बम आला, त्यात दोन नवी गाणी होती. त्या दोन गाण्यांवर आम्ही डोंबिवलीकरांनी पुढची दीड दशकं ढकलली. मग ११ नोव्हेंबर २०११ ला, सकाळी बरोबर ११ वाजून ११ मिनिटांनी, लॉस एंजेलिसच्या व्हिस्की अ गो गो क्लबात चौघांनी जाहीर केलं, की नवीन अल्बम करतोय. एवढा काटेकोर मुहूर्त आमच्याकडे लग्नालाही पाळत नाहीत. आणि मग लग्नात होतं तेच झालं. फेब्रुवारीत देण्याघेण्यावरून एक जण मांडवातून उठला. ड्रमर बिल वॉर्डने कळवलं, की सही करण्याजोगा करार मिळाल्याशिवाय मी येणार नाही.

इथून आमच्या घरादाराला छळ सुरू झाला. आमच्या चौकडीतला एक जण कॉलेजच्या गॅदरिंगला ड्रम वाजवायचा, आता सहकारी बँकेत कर्ज विभागात आहे. म्हणजे ड्रम आणि करार, दोन्ही विषयांत त्याला गती. रोज रात्री साडेदहाला त्याचा फोन.

"त्यांनी त्याला मानधनावर ठेवलं असणार रे. हिस्सा नसणार."

"असेल बाबा."

"सही करू नये अशा कागदावर. मी रोज बघतो ना लोकांना सह्या करताना."

बायकोची बरेच दिवस समजूत होती, की वॉर्ड हा बँकेचा थकबाकीदार आहे.

२०१३ च्या एप्रिलमध्ये पहिलं गाणं बाहेर आलं, 'गॉड इज डेड?'. जवळजवळ नऊ मिनिटांचं. चौकडीतल्या तिसऱ्याने उत्साहाने ते रिंगटोनला लावलं आणि ते वाजलं नेमकं त्याच्या सासुरवाडीच्या सत्यनारायणात. भटजी थांबले. सासूबाई इंग्रजी शाळेतल्या निवृत्त शिक्षिका. त्यांनी फोन हातात घेतला, पडद्यावरचं नाव वाचलं आणि म्हणाल्या, "शेवटी प्रश्नचिन्ह आहे. चालू द्या."

जूनमध्ये अल्बम आला. नाव '१३'. काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस तेव्हा अजून सुरू होतं, ते बंद पडलं २०१६ मध्ये. गाड्या तुंबलेल्या असताना मी तिथून सीडी आणली, छातीशी धरून, प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत. लोकलमध्ये पाठीमागची यादी वाचली. गाणी आठ. नाव तेरा आणि गाणी आठ! महागड्या आवृत्तीत आणखी तीन होती, म्हणजे अकरा. अमेरिकेतल्या एका दुकानसाखळीच्या प्रतीत अजून एक होतं, म्हणजे बारा. पुढे २०१६ मध्ये उरलेली चार त्यांनी वेगळ्या सीडीवर काढली आणि ती फक्त दौऱ्यातल्या कार्यक्रमांत विकली. झाली सोळा. कसाही हिशोब केला तरी तेरा काही येत नाहीत. बँकवाल्याच्या मते एवढ्या एकाच गोष्टीवरून त्या कराराची कल्पना यावी.

ऐकायचा कार्यक्रम चौथ्याच्या, म्हणजे कॉन्ट्रॅक्टरच्या घरी ठरला, कारण स्पीकर त्याचे मोठे. तिसरा, तो रिंगटोनवाला, तत्त्वाचा माणूस आहे. त्याच्या मते पहिले सहा अल्बम म्हणजे वेद, आणि पुढचं सगळं पोट भरायचे धंदे. पहिलं गाणं सुरू झालं. संथ, जड, छातीवर कोणी पाटा ठेवावा तसं.

"हे पहिल्या अल्बमसारखंच आहे," तो नाक मुरडून म्हणाला.

तीनेक मिनिटांनी गाण्याने वेग घेतला.

"हे काही पहिल्या अल्बमसारखं नाही," तो त्याच नाकाने म्हणाला.

आता यात त्या बिचाऱ्यांनी करायचं काय? निर्माता रिक रुबिनने त्यांना समोर बसवून त्यांचाच पहिला अल्बम ऐकवला होता आणि हेवी मेटल वगैरे विसरा, या पोरांसारखा विचार करा, असं सांगितलं होतं. तो पहिला अल्बम त्यांनी १९६९ मध्ये जवळपास एका दिवसात रेकॉर्ड केला होता. तेव्हा डोक्यात काही नव्हतं म्हणून जमलं. साठी ओलांडलेल्या माणसाला 'विशीतल्यासारखा वाग' म्हटलं, तर तो आधी गुडघे चाचपतो.

बँकवाला आला होता, पण निषेध म्हणून. हाताची घडी घालून बसला. वॉर्डच्या जागी रेज अगेन्स्ट द मशीन या बँडचा ब्रॅड विल्क होता. चांगला वाजवतो, पण आमच्या माणसाला ते सोसेना. दुसऱ्या गाण्यात त्याची घडी सुटली, त्याने चिवड्याच्या ताटलीतले दोन चमचे उचलले आणि टीपॉयवर 'बिलने इथे काय वाजवलं असतं' ते दाखवायला लागला. "बिलचा हात जॅझचा आहे रे, तो ठोक्याच्या किंचित मागे रेंगाळतो," म्हणत तो रेंगाळला, आणि प्रत्येक रेंगाळण्याला शेंगदाणे ताटलीबाहेर उडत राहिले. अख्ख्या अल्बमला त्याने अशी समांतर साथ केली. त्यामुळे विल्कने नक्की काय वाजवलंय ते मला त्या दिवशी कळलंच नाही.

मध्येच वेदांती म्हणाला, "आयोमीचा गिटारचा सोलो जरा थकल्यासारखा वाटतो नाही?"

माझं डोकं फिरलं. म्हटलं, अरे, टोनी आयोमीची दोन बोटांची टोकं सतराव्या वर्षी बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात यंत्राखाली गेली. त्याने भांडी घासायच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली आणि गिटार वाजवली. हा अल्बम सुरू होताना त्याला लिम्फोमा, म्हणजे कॅन्सर, निघाला. उपचारांसाठी बँडने आपलं काम इंग्लंडला हलवलं. आणि तू? खांदा आखडला म्हणून पंधरा दिवस रजेवर होतास, त्यातही टीव्हीचा रिमोट मुलाकडून मागवत होतास!

तो काही वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "टोन मात्र तोच आहे." त्याच्याकडून हे म्हणजे ग्रॅमीच. खरं ग्रॅमी पुढच्या वर्षी त्या प्रश्नचिन्हवाल्या गाण्याला मिळालं.

शेवटचं गाणं संपताना ढग गडगडतात, पाऊस पडतो आणि देवळाची, म्हणजे चर्चची, घंटा वाजते. १९७० च्या पहिल्या अल्बमची सुरुवात याच आवाजांनी झाली होती. आम्ही चौघे एकमेकांकडे न बघता घसा खाकरत होतो, तेवढ्यात कॉन्ट्रॅक्टरची बायको आतून धावत आली. "अरे बसलात काय, पाऊस आला, कपडे काढा!" चार प्रौढ पुरुष गॅलरीत धावले. टॉवेल, गाऊन, शाळेचे युनिफॉर्म, सगळं चिमट्यांसकट आत आणून सोफ्यावर टाकलं. बाहेर बघतो तर दिवसभरात पहिल्यांदाच ऊन पडलेलं. वहिनींनी स्पीकरकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं, आणि कपडे परत वाळत घालायला लावले.

अल्बम इंग्लंडमध्ये पहिल्या नंबरावर गेला, जवळजवळ ४३ वर्षांनी. अमेरिकेत तर आयुष्यात पहिल्यांदा. आम्हाला आनंद व्हायला हवा होता. वेदांती पडेल चेहऱ्याने म्हणाला, "बघ, सगळ्यांना आवडला. म्हणजे काहीतरी चुकलंय."

पुढे ५ जुलै २०२५ ला बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क स्टेडियममध्ये मूळ चौघांनी शेवटचं वाजवलं. ऑझी सिंहासनावर बसून गायला आणि ड्रमवर, अखेर, बिल वॉर्ड. गाणी चार. बँकवाला रात्रभर जागा राहून ते बघत होता आणि आम्हाला मेसेज पाठवत होता, सगळे कॅपिटलमध्ये. त्याच महिन्याच्या २२ तारखेला ऑझी गेला.

त्यानंतर बँकवाल्याने स्वतःहून '१३' ऐकायला मागितला. घरांतले सीडी प्लेअर केव्हाच भंगारात गेलेले, चालू होता तो फक्त त्याच्या जुन्या गाडीतला. सोसायटीच्या पार्किंगमध्ये काचा वर करून चौघे बसलो. या वेळी त्याच्याकडे चमचे नव्हते. पहिलं गाणं पूर्ण झालं, दुसरं अर्धं.

"वाजवतो बरा," तो म्हणाला.

आम्ही श्वास रोखला. त्याने हात पुढे केला, पॉज दाबलं आणि सीटवर मागे वळला.

"पण मला सांगा, त्या करारात नेमकं असेल काय?"

वॉचमनने काचेवर टकटक केली तेव्हा आम्ही रॉयल्टीच्या टक्क्यांपर्यंत पोचलो होतो.