‘एसएसडीत भरा, कपाटात ठेवा, विसरून जा’ : एवढं मात्र करू नका

घोडबंदर रोडच्या आमच्या संकुलाच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात एकच मेसेज चौघांनी टाकला. सारांश असा : हार्ड डिस्कचा जमाना गेला, फेकून द्या. एसएसडीत, म्हणजे चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कमध्ये, काही फिरत नाही, म्हणून ती बिघडत नाही. सगळे फोटो तिच्यात भरून कपाटात ठेवा, पन्नास वर्षं चिंता नाही. शिवाय 1 टीबीत 931 जीबीच दिसतात, ही कंपन्यांची लूट. वीस वर्षं ठाण्यात लोकांचे कॉम्प्युटर उघडून बसलोय, म्हणून तोंड उघडतो.

‘फिरत नाही म्हणून बिघडत नाही.’ अर्धंच खरं. हातातून पडली तर एसएसडी बहुतेक वाचते. चालू हार्ड डिस्कचं तसं नाही. तिची तबकडी मिनिटाला 5400 किंवा 7200 फेरे मारत असते आणि वाचणारं-लिहिणारं हेड तिच्यावर काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असतं. पण एसएसडीचाही कंट्रोलर, म्हणजे तिला चालवणारी चिप, जातो; त्या चिपमधला प्रोग्रॅम, फर्मवेअर, अडकतं. खरा फरक मरायच्या पद्धतीत आहे. हार्ड डिस्क पुष्कळदा आधी कुरकुरते. फाइल उघडायला वेळ लागतो, मग आतून पाल चुकचुकल्यासारखा टक-टक आवाज येतो. घाबरून लोक धावत येतात आणि बरंचसं निघतं. एसएसडी काल रात्री ठणठणीत, सकाळी बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, दिसतच नाही. शंकेची पाल चुकचुकायलाही वेळ नाही! चुकून डिलीट झालेलंही तिच्यातून परत मिळणं अवघड, कारण ट्रिम नावाची सोय रिकामी झालेली जागा पुसायला काढते.

आता कपाट. इथे मेसेज खरोखर घातक आहे. एसएसडीत माहिती विजेच्या भाराच्या रूपात बारीक पेशींमध्ये अडकवलेली असते आणि तो भार हळूहळू गळतो. जेडेक या मानक ठरवणाऱ्या संस्थेची घरगुती एसएसडीकडून अपेक्षा एवढीच : तिच्यावर एकूण किती माहिती लिहायची याची ठरलेली मर्यादा संपल्यावर, वीज न देता, 30 अंशांवर 1 वर्ष माहिती टिकावी. कमी वापरलेली बरीच जास्त टिकते, हे कबूल. पण पन्नास वर्षांची हमी कोणी देत नाही आणि उष्णतेने गळती वाढते. मे महिन्यात वरच्या मजल्यावर स्लॅबखालचा माळा किती तापतो, एकदा हात लावून बघा.

मागच्या जूनमध्ये एक काका मुलीच्या लग्नाचा व्हिडिओ असलेली एसएसडी घेऊन आले. जुन्या लॅपटॉपमधून काढलेली, भरपूर झिजलेली. रुमालात गुंडाळून, वर रबरबँड लावून तीन वर्षं माळ्यावर ठेवली होती. जोडली तर फोल्डर दिसले, नावं दिसली, पण क्लिप सप्तपदीपर्यंत येऊन अडकायची. एकावरून नियम काढू नये; पण काकांना तेवढी एकच पुरली.

931चं प्रकरण दोन ओळींचं. कंपनी 1 टीबी म्हणजे एक लाख कोटी बाइट मोजते, विंडोज तेच 1024च्या पटीत भागून 931 दाखवतं. बाइट तेवढेच. लूट बघायची तर आठशे रुपयांत मिळणारा 2 टीबीचा पेनड्राइव्ह बघा. आत चिप छोटी असते, कॉम्प्युटरला आकडा खोटा सांगितलेला असतो, आणि जागा संपली की पुढच्या फाइली नुसत्या नावाला उरतात. घेतल्या घेतल्या एचटूटेस्टडब्ल्यू (H2testw) या खरी जागा तपासणाऱ्या प्रोग्रॅमने तपासा.

आणि जमाना गेला म्हणाल, तर ऐरोली-महापेला जी डेटा सेंटरं उभी राहिलीत, त्या धंद्यात ढिगाने साठवायला हार्ड डिस्कच लागते, कारण दर टीबीमागे ती स्वस्त पडते. क्वचित लागणारं तर चक्क चुंबकीय टेपवर ठेवतात. एलटीओ-9 या प्रकारची एक टेप 18 टीबीची. घरीही तेच गणित : विंडोज आणि रोजचं काम एसएसडीवर, फोटोंचा ढीग हार्ड डिस्कवर, आणि त्याच ढिगाची दुसरी प्रत दुसऱ्या घरी. दोन्ही डिस्क वर्षातून एकदोनदा जोडून, फाइली उघडून बघायच्या.

काकांचा व्हिडिओ मिळाला. ऐरोलीला जावयांकडे एक जुनी हार्ड डिस्क होती, फेकायची राहून गेलेली. तीही टक-टक करत होती. आधी कॉपी घेतली, मग चहा.